परक्या गावची माती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण. छापताना किंचित संस्कार केला आहे.)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत एक पुष्प आम्ही गुंफावे, अशी आज्ञा कार्यकारिणीने केली, तेव्हा मंडळाच्या पन्नास वर्षांचा आढावा आमच्याकडून अपेक्षित असावा. मंडळाचे वार्षिक अहवाल आम्ही वीस वर्षे लिहिले, त्यामुळे ही अपेक्षा गैर नव्हती. तरीही आम्ही विषय निवडला तो जर्मनीत जन्मलेल्या, इंग्लंडात शिकलेल्या आणि अमेरिकेत देह ठेवलेल्या एका शिल्पकर्त्रीचा. रूथ डकवर्थ हे त्यांचे नाव. त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ मातीत काम केले. या बाईंचा आणि आपल्या मंडळाचा काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तो संबंध शेवटी सांगू. आरंभ मात्र आपल्या घरच्या मातीपासूनच करतो.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना स्मरत असेल की, आरंभीच्या वर्षांत आपला गणपती पुण्याहून रेल्वेने येत असे. दोन रात्रींच्या त्या प्रवासात शाडूच्या मूर्तीचा एखादा हात तरी दुखावल्यावाचून राहत नसे. अखेरीस कोणीतरी सुचवले की, कोलकात्यात राहून मूर्ती पुण्याहून का आणावी? कुमारटुली जवळ आहे, गंगेची माती आहे, पिढ्यान् पिढ्या मूर्ती घडवणारे हात आहेत. आम्ही दोघेतिघे गेलो, कारागिराला छायाचित्र दाखवले, मोडक्या बंगालीत सोंडेचे वळण समजावले. मूर्ती आली तेव्हा सर्वांच्या लक्षात एकच गोष्ट आली. देवाचे डोळे दुर्गेसारखे लांब, कानाकडे झुकलेले होते! एक आजोबा आरतीला उभे राहण्यापूर्वी म्हणाले, "हा गणपती बंगाली दिसतो हो!" आज इतक्या वर्षांनी तेच डोळे आपल्या मुलांना गणपतीचे खरे डोळे वाटतात. परक्या गावची माती हळूहळू आपली होते, ती अशी. यात आपण मातीला बदलतो तितकीच तीही आपल्याला बदलते.

मातीचा एक गुण आपण सारे जाणतो. विसर्जनाची मूर्ती कच्ची असते, म्हणून ती पाण्यात विरघळते आणि पुन्हा माती होते. तीच माती भट्टीत सुमारे सहाशे अंशांपलीकडे तापली, की तिच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते. मग ती कितीही भिजवा, पुन्हा चिखल होत नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे मडके कोणते ते ओळखले, ही कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. भाजलेले मडके मूळ मातीकडे परत जाऊ शकत नाही, परंतु त्यात पाणी राहते. जन्मगाव सोडून दूर देशी स्थिरावलेल्या माणसाचेही काहीसे असेच असते, असे आम्हांस वाटते. रूथबाईंचे चरित्र या दृष्टीने ऐकावे, ही विनंती.

रूथ विंडम्यूलर यांचा जन्म १० एप्रिल १९१९ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी झाला. पाच भावंडांत त्या धाकट्या. वडील ज्यू, आई ल्यूथरपंथी ख्रिस्ती. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू रक्ताच्या मुलांना शिक्षणाची दारे एकेक करून बंद होऊ लागली. कलाशाळेत जाण्याची इच्छा असलेल्या या मुलीला मायदेशी ती वाट उरली नाही. १९३६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ती इंग्लंडात लिव्हरपूलला बहिणीकडे आली आणि तेथील कलाशाळेत दाखल झाली. चित्रकला, रेखाटन की शिल्प, यांपैकी काय शिकणार, असे तेथे विचारण्यात आले. तिने तिन्ही शिकायचे म्हणून सांगितले. एकच निवडावे लागेल, असे उत्तर मिळाले, तेव्हा मायकेलअँजेलोने तिन्ही केलेच होते ना, असा तिचा प्रतिप्रश्न होता. वय सतरा, भाषा परकी, परंतु बाणा पाहावा!

पुढची वीस वर्षे मात्र या बाण्याला फारसा वाव देणारी नव्हती. युद्धकाळात बाहुल्यांचे खेळ घेऊन त्या उत्तर इंग्लंडात गावोगाव हिंडल्या. त्यानंतर दारूगोळ्याच्या कारखान्यात राबल्या. त्या दिवसांनी त्यांचे मन खचले आणि त्यातून सावरण्यास काळ लागला. पुढे लंडनमध्ये त्यांनी दगडातील कोरीवकाम शिकून घेतले व पोटासाठी थडग्यांच्या शिळांवर नक्षी कोरली. १९४९ साली एडरन डकवर्थ या कलावंताशी त्यांचा विवाह झाला. न्यू मॉल्डन येथील एका चर्चसाठी ख्रिस्ताच्या अखेरच्या वाटचालीची शिल्पे त्यांनी कोरली. हे सारे काम प्रामाणिक होते, परंतु ज्यात आपले बोट ओळखू यावे ते द्रव्य अद्याप हाती लागले नव्हते.

ते हाती कसे लागले, हे ऐकून आपणांस संतोष वाटेल. १९५०च्या दशकाच्या मध्यास त्यांनी भारतीय कलावस्तूंचे एक प्रदर्शन पाहिले आणि त्या दर्शनाने त्यांचे मन मातीकडे वळले. आपल्या पूर्वजांच्या हातच्या वस्तूंनी हजारो कोस दूर असलेल्या एका निर्वासित स्त्रीला तिची वाट दाखवली. आपल्या मराठवाड्यातील तेर येथे सातवाहनकालीन भाजलेल्या मातीच्या मूर्ती सापडल्या आहेत. आपल्यापैकी कितीजण त्या पाहण्यास मुद्दाम गेलो, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारतो, आणि उत्तर देताना मान खाली घालतो.

रूथबाईंनी ल्यूसी री यांची भेट घेतली. याही निर्वासितच. व्हिएन्नाहून १९३८ साली लंडनला आलेल्या आणि पुढे जगद्विख्यात झालेल्या कुंभकलावती. मातीच्या शिल्पांना झिलई कशी द्यावी, हे रूथबाईंना विचारायचे होते. ल्यूसीबाईंनी त्यांना सल्ला दिला, तो रीतसर शाळेत जाऊन शिकण्याचा. सदतिसाव्या वर्षाच्या आसपास, हाती आधीची सारी विद्या असताना, पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसणे सोपे नसते. रूथबाई बसल्या. आधी हॅमरस्मिथच्या शाळेत, नंतर लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्समध्ये. १९६० ते १९६४ या काळात त्यांनी तेथेच अध्यापनही केले.

येथे त्या काळच्या इंग्लंडातील कुंभकलेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. बर्नार्ड लीच या थोर कुंभकाराचा तेव्हा तेथे मोठा दरारा होता. १९४० साली निघालेला त्यांचा कुंभकलेवरील ग्रंथ नवोदितांना धर्मग्रंथासारखा होता. फिरत्या चाकावर ओढलेले, वापरण्याजोगे, मातकट रंगाचे, संयमी घाटाचे भांडे हा त्या पंथाचा आदर्श. रूथबाईंना चाकाचे बंधन मानवेना. मातीच्या लांब वळ्या करून, त्या एकावर एक रचून, बोटांनी दाबून सांधत त्या आकार वाढवीत. चाकावरचे भांडे सर्व बाजूंनी सारखे गोल होते. वळ्यांनी रचलेले भांडे एका अंगाने फुगू शकते, दुसऱ्या अंगाने दबू शकते, एखाद्या खडकासारखे वा शेंगेसारखे होऊ शकते. पंथाभिमान्यांना हे भांडे वाटेना, आणि शिल्पकारांना ती माती असल्यामुळे शिल्प वाटेना. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी ही गत झाली.

१९६४ साली शिकागो विद्यापीठाने त्यांना अध्यापनासाठी बोलावले. बोलावणे एका वर्षाचे होते. वय पंचेचाळीस. हे तिसरे परके गाव. त्या गेल्या आणि कायमच्या तेथल्याच झाल्या. आपल्यापैकी किती घरांचा इतिहास 'एक-दोन वर्षांची बदली आहे, मग परत जाऊ' या वाक्याने सुरू होतो, हे आम्ही सांगावयास नको. त्यांनी १९७७ पर्यंत विद्यापीठात शिकवले.

त्या विद्यापीठाच्या भूशास्त्रविभागाच्या इमारतीत १९६७-६८ साली त्यांनी केलेले 'पृथ्वी, जल, आकाश' हे भित्तिशिल्प आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. कन्येकडे शिकागोस गेलो असता, थंडीतून आडोसा शोधीत आम्ही त्या इमारतीच्या प्रवेशदालनात शिरलो, आणि पाहतो तो चारही भिंती मातीच्या! कोठे डोंगरांच्या रांगा, कोठे विवरे, कोठे पाण्याने कापलेल्या घळी, जणू फार उंचावरून पृथ्वी पाहत आहोत. उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे बाईंनी त्यासाठी अभ्यासली होती. मान वर केली तर छतावर चिनी मातीचे ढग. विद्यार्थी आपल्या घाईत जात-येत होते. आम्ही मात्र जोडे भिजलेले विसरून उभे राहिलो. ज्यांना एका देशाने आपली भूमी नाकारली, त्यांनी दुसऱ्या देशातल्या एका दालनात अवघी भूमीच उभी केली होती. मार्गदर्शक फलक वाचण्याआधीच डोळे ओलावले, हे सांगण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

पुढे १९७६ साली त्यांनी 'मिशिगन सरोवरावरील ढग' हे दुसरे मोठे भित्तिशिल्प केले. ज्या सरोवराकाठी शिकागो वसले आहे, त्याचे पाणलोट क्षेत्रच त्यात मातीत उतरले आहे. वार्धक्यात पृथ्वीच्या प्रकृतीची त्यांना चिंता वाटे आणि ती चिंता त्यांच्या कामात दिसे.

मोठ्या कामांसोबत त्यांचे लहान कामही तितकेच मोलाचे. मोठ्या पोटाची, जाड, खडबडीत भांडी त्यांनी घडवली. त्यांना त्या 'मामा पॉट' म्हणत. हा इंग्रजीतला 'मामा', म्हणजे आई. आपला मामा नव्हे! याउलट चिनी मातीच्या वाट्या अशा की, हात लावण्यास भय वाटावे. लहानशी पांढरी वाटी, आणि तिच्यात उभी केलेली कागदासारखी पातळ पाती. चिनी माती ही फार हट्टी. वाळताना आकसते, भट्टीत आणखी आकसते, जाड भाग आणि पातळ भाग एका वेगाने वाळले नाहीत तर तडकते, आणि बाराशे अंशांपलीकडच्या उष्णतेत मऊ होऊन कलंडते. भट्टी लावली की काम आपल्या हातून गेले. ती निवेपर्यंत उघडता येत नाही, आणि उघडल्यावर जे दिसेल ते स्वीकारावे लागते. अशा मातीशी बाईंनी ऐंशी वर्षांचे वय उलटेपर्यंत झुंज घेतली. शिकागोत त्यांचे घर आणि कार्यशाळा कोठे होती म्हणाल, तर एका जुन्या लोणच्याच्या कारखान्यात! आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकताच उद्गार काढला, "मग बरण्यांची सोय चांगली झाली असेल." विनोद बाजूस ठेवला तरी, लोणचे आणि चिनी माती यांचे नाते मराठी माणसाने सांगावे असेच आहे. दोहोंनाही मुरावे लागते.

आता मान्यतेविषयी. कुंभकलेच्या वर्तुळात त्यांना मान होता, हे खरे. परंतु शिल्पकार म्हणून मोठ्या कलाजगताचे लक्ष त्यांच्याकडे फार उशिरा वळले. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे सिंहावलोकन घडवणारे मोठे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ आर्ट्स अँड डिझाइनमध्ये भरले ते २००५ साली. तेव्हा त्यांनी ऐंशी केव्हाच ओलांडली होती. पुढे ते इतर शहरांतही फिरले. चार वर्षांनी, १८ ऑक्टोबर २००९ रोजी, नव्वदाव्या वर्षी त्यांचे शिकागोत निधन झाले. ज्या विद्यापीठाने त्यांना एका वर्षासाठी बोलावले होते, त्याच विद्यापीठाच्या स्मार्ट संग्रहालयाने २०२३ साली त्यांच्या कामाचे प्रदर्शन पुन्हा भरवले.

हा विलंब का झाला? आमच्या अल्पमतीस त्याची कारणे दिसतात ती अशी. दगड आणि ब्राँझ म्हणजे कला, माती म्हणजे कारागिरी, अशी उतरंड कलेच्या जगानेही मानली. बाई कोणत्याच पंथात बसल्या नाहीत, त्यामुळे त्यांची पालखी उचलणारे भोई मिळाले नाहीत. आणि घरात, शाळेत, भट्टीपाशी शांतपणे होणारे स्त्रीचे काम नजरेत भरण्यास जगाला नेहमीच वेळ लागतो. या तिसऱ्या कारणापाशी आम्ही थांबतो, कारण येथेच तो संबंध आहे, जो सांगण्याचे आरंभी कबूल केले होते.

आपल्या मंडळात एक काकू आहेत. गेली चाळीसहून अधिक वर्षे हरतालिकेची मूर्ती त्यांच्या हातची, गौरीचे मुखवटे त्यांच्या हातचे, पोळ्याचे बैल त्यांचे. दिवाळीत आपल्या गच्चीवर जो किल्ला होतो, त्यावरील मावळे त्याच मुलांकडून करवून घेतात. शाडू मिळेना तेव्हा त्यांनी गंगेची माती चाळून, भिजवून, तुडवून तयार केली. कोणत्या मातीत कापूस किती घालावा म्हणजे मुखवटा तडकत नाही, हे त्या स्वतःच्या चुकांतून शिकल्या. येथे वाढलेल्या, आज बंगळूर-दिल्लीपासून परदेशापर्यंत पांगलेल्या आपल्या मुलांना शिवनेरीचा दरवाजा कोणत्या बाजूस आहे हे पुस्तकाआधी त्यांच्याकडून कळले.

आणि आम्ही? वीस अहवाल आम्ही लिहिले. हे भाषण तयार करताना ते सारे काढून पाहिले. प्रत्येकात देणगीदारांची नावे आहेत, पाहुण्यांची आहेत, मांडववाल्याचेही आहे. काकूंच्या कामाविषयी प्रतिवर्षी एकच ओळ आहे : 'सजावट महिला विभागाने केली.' वीस वर्षांत त्या ओळीतला एक शब्दही आम्ही बदललेला नाही. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही. लेखणी आमच्या हाती होती.

गेल्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो, क्षमा मागितली आणि म्हणालो, "काकू, व्याख्यानात तुमचे नाव घेऊ का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, विसर्जन होणाऱ्या वस्तूला नाव कशाला?" आणि येथे नाव घेऊ नये, असे त्यांनी आम्हांस बजावले. म्हणून आम्ही ते घेत नाही. त्या आज सभागृहात आहेत आणि आमच्याकडे रागाने पाहत आहेत.

परंतु काकूंच्या प्रश्नावर आम्ही पुष्कळ विचार केला. रूथबाईंनीही आपल्या बहुतेक कृतींना नावे दिली नाहीत. पाहणाऱ्याने आपल्या मनाने पाहावे, त्यात शब्दांची लुडबुड नको, अशीच ती रीत आम्हांस वाटली. कृतीला नाव नसले तर तिचे काही उणे होत नाही. काकूंचे मुखवटे नदीत गेले, हेही योग्यच, तसा आपला धर्म आहे. परंतु करणारीचे नाव नदीत सोडण्यास कोणता धर्म सांगतो? न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला ऐंशी उलटलेल्या बाईंकडे जाण्यास उशीर झाला, असे आम्ही या व्यासपीठावरून म्हणतो, तेव्हा आपल्या गच्चीवर पोहोचण्यास आम्हांस किती वर्षे लागली, हेही मोजले पाहिजे.

म्हणून कार्यकारिणीस नम्र विनंती अशी. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पदाधिकाऱ्यांच्या यादीसोबत आणखी एक यादी असावी. मंडळासाठी ज्यांनी स्वतःच्या हातांनी काही घडवले, मग ती मूर्ती असो, रांगोळी असो, नाटकाचा पडदा असो, की दीडशे पानांवरच्या पुरणपोळ्या असोत, त्यांची नावे त्यात असावीत. जे हयात नाहीत त्यांचीही असावीत. काकूंनी व्यासपीठावरून नाव घेण्यास मनाई केली आहे, छापण्यास केलेली नाही. ही पळवाट आम्ही जाणूनबुजून ठेवली आहे.

दुसरी विनंती सर्वांना. सदतिसाव्या वर्षी बाकावर बसून माती शिकणाऱ्या आणि नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत ती न सोडणाऱ्या बाईंची गोष्ट ऐकून, 'आता या वयात काय' हे वाक्य आपण निदान या वर्षापुरते तरी बाजूस ठेवावे. काकू पुढील महिन्यापासून रविवारी सकाळी मुखवटे करण्यास शिकवणार आहेत. गंगेची माती आणून ठेवली आहे. आम्ही सत्तरी ओलांडली आहे, तरी पहिले नाव आमचे लिहिले आहे. आमचा पहिला मुखवटा तडकेल, याविषयी घरात एकमत आहे.